काळापहाडचा मुखवटा आणि फकिराची हजेरी

रहस्यकथा हातात पडली की खुनी कोण, हे मी शोधत बसत नाय. ते लेखक शेवटच्या दहा पानांत सांगतोच. मी बघतो, पहिला संशय कुणावर घेतला. दिवाणखान्यात शेठ मरून पडलाय, हिऱ्यांचा हार गायब आहे, फौजदार आलाय. आता तो कुणाला बोलावणार? घरगड्याला. मग माळ्याला. मग ड्रायव्हरला. त्यांचे जबाब दीड पानात उरकतात. ते थरथर कापतात, हात जोडतात, ‘साहेब, मी गरीब माणूस’ म्हणतात आणि कादंबरीतून कायमचे नाहीसे होतात. खुनी बहुतेक वेळा शेठचा भाचा निघतो, नाहीतर भागीदार. म्हणजे लेखक काही दुष्ट नाही, गड्याला तो सोडून देतो. पण गड्यावर संशय घ्यायला त्याला कारण लागत नाही आणि भाच्यावर घ्यायला दोनशे पानं लागतात. मराठी रहस्यकथेत प्रदेश पात्राला कसा घडवतो, हा प्रश्न मी ह्या दोनशे पानांच्या फरकापासून सुरू करतो.

‘प्रादेशिक’ हा आपल्या समीक्षकांचा लाडका शब्द. कोकण आलं की माड आणि खवचट म्हातारा. वऱ्हाड आलं की मोकळं हसणं. घाटावर गेलं की रांगडेपणा. मातीतून ज्वारी उगवावी तसा माणसाचा स्वभाव उगवतो, अशी ह्यांची समजूत. पण मित्रहो, एकाच मातीत गावकूस असतं. एकच पाऊस कुसाच्या आतही पडतो आणि बाहेरही. आतल्या माणसाचा स्वभाव आणि बाहेरच्या माणसाचा स्वभाव एकाच ‘प्रदेशानं’ घडवला म्हणायचं, तर मग पाटलाच्या वाड्यात रात्री चोरी झाल्यावर एकालाच का बोलावणं येतं? इतर कादंबऱ्यांत हा प्रश्न झाकता येतो, हिरवागार निसर्ग घालून झाकतातच. गुन्ह्याच्या कथेत झाकता येत नाही, कारण तिचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो: कोण, किती वाजता, कुठं होतं, आणि तिथं जायला त्याला कुणी हटकलं का. माझ्या लेखी प्रदेश म्हणजे परवानगी. माणूस कुठला, ह्यापेक्षा त्याला कुठं कुठं बिनधास्त जाता येतं, ह्यावर त्याचं पात्र ठरतं.

आता बाबूराव अर्नाळकर घ्या. १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या. प्रस्थापित समीक्षेनं त्यांना वाङ्मयाच्या ओट्यावरसुद्धा बसू दिलं नाही. आपण ती चूक करू नये. चाळीतल्या, गिरणीतल्या, कमी शिकलेल्या माणसाला अक्षर जुळवून एका बैठकीत पुस्तक संपवायची सवय ज्यांनी लावली त्यांत हा माणूस पहिला. आमच्यातल्या कैक जुन्या लोकांचं वाचन पहिल्यांदा झुंजारवर सुरू झालं, मग ते बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे गेले. म्हणून अर्नाळकरांना नाक मुरडणाऱ्या पांढरपेशा समीक्षकाशी माझं भांडण आहे, आणि अर्नाळकरांशीही आहे. दोन्ही भांडणं वेगळी.

अर्नाळकरांचा काळापहाड बघा. काळे कपडे, तोंडावर मुखवटा, रात्री कुणा नीच सावकाराची तिजोरी फोडतो आणि सकाळी पुन्हा सभ्य गृहस्थ. झुंजारही त्याच जातकुळीचा. कायद्याच्या बाहेर, पण मोटारीतून. मी रद्दीच्या दुकानातून आणलेली ही पुस्तकं रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचली आहेत आणि मजा आली हे कबूल करतो. पण हा मुखवटा कुणाला परवडतो? ज्याच्या चेहऱ्यावर मुळात कुणाचा संशय नाही त्याला. मुखवटा काढला की खाली प्रतिष्ठित चेहरा असेल, तरच मुखवट्याचा उपयोग. ज्याचा चेहराच पोलिसांच्या वहीत नोंदलेला आहे, त्यानं मुखवटा घालून करायचं काय? आणि बाबूरावांनी नावात अर्नाळा घेतला, पण मी वाचलेल्या पुस्तकांत अर्नाळ्याच्या कोळ्याशी माझी गाठ पडली नाही. जग मुंबईचं, तेही दिवाणखाना, क्लब, गोदी ह्या तीन ठेसनांतलं. गोदीतला हमाल तिथं असतो. पण त्याचा आकार काळोखातल्या सावलीएवढाच.

पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक आले, बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहून २०२१ साली गेले. त्यांचा कॅप्टन दीप, त्यांचा उदयसिंह राठोड. सुहास शिरवळकर आले (१९४८ ते २००३), त्यांचा मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद. नावं मुद्दाम लिहिली. आडनावांतून एक नकाशा तयार होतो तो बघा. ह्यात कांबळे नाही, सोनवणे नाही. राठोड आहे म्हणाल, तर महाराष्ट्रात राठोड हे तांड्यावरच्या बंजाऱ्याचंही आडनाव आहे. पण ‘उदयसिंह’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर तांडा येत नाही, रजपूत येतो. लेखकाला ते बरोबर माहीत असतं. हे हेर सीमेवर जातात, परदेशी जातात, वाळवंटात जातात. आमच्या वस्तीत मात्र येत नाहीत, अन् आलेच तर गुंडाचा पाठलाग करत, एका रात्रीपुरते.

आणि जेव्हा ही मंडळी शहर सोडून खेड्यात नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी जातात तेव्हा प्रदेश म्हणजे काय असतं? एक पडका वाडा, धुकं, लांब कोल्हेकुई, आणि वाड्याचा एक राखणदार. राखणदाराचा एक डोळा अधू असायलाच पाहिजे असा काही कायदा असावा. तो बोलीभाषा बोलतो, बाकी सगळे छापील मराठी. बोली ही ह्या कथांत संशयाची खूण आहे. जो शुद्ध बोलतो त्याची साक्ष, जो अशुद्ध बोलतो त्याची उलटतपासणी.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ह्या सगळ्यांत ताजातवाना. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकतो, सायकल हाणत कुठंही घुसतो. फुरसुंगी खरं गाव, रस्ते खरे, सायकलची पंक्चरसुद्धा खरी वाटते. मला तो आवडतो. पण तो घुसू शकतो म्हणून हेर आहे. हटकलं तर शाळेचं नाव सांगता येतं. त्याच वयाचं आमचं पोरगं बंद बंगल्याच्या कुंपणावर चढलेलं दिसलं, तर गोष्ट तिसऱ्या पानावर चौकीत संपेल.

हे फक्त मराठीचं दुखणं आहे असं नाही. भालबा केळकरांच्या मराठीतून ज्यांनी शेरलॉक होम्स वाचला त्यांनी मूळ ‘साइन ऑफ फोर’ (१८९०) जरूर बघावं. त्यात खुनाच्या जागी छोट्या अनवाणी पावलांचे ठसे सापडतात. होम्स काय करतो? कपाटातून गॅझेटिअरचा खंड काढतो आणि अंदमानच्या बेटावरचे लोक कसे क्रूर आणि कुरूप असतात त्याचं वर्णन वॉटसनला वाचून दाखवतो. संपला तपास! जगातला सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह, जो राखेवरून सिगार ओळखतो, तो इथं माणूस बघायच्या आधी गॅझेटिअर बघतो. त्या टोंगाला पुढं थेम्स नदीवर गोळ्या घालतात. त्याच्या वतीनं जे काय सांगायचं ते त्याचा गोरा सोबती सांगतो. टोंगा कोण होता, त्याला लंडन कसं दिसलं, त्याला थंडी वाजत होती का? काही नाही. गॅझेटिअर आपल्याकडेही लिहिले गेले. ठाणे जिल्ह्याचा १८८२ सालचा आहे, त्यात जातवार लोकांची वर्णनं आहेत. होम्सचं कपाट आणि मामलेदाराचं कपाट एकाच सुताराचं.

त्या कपाटातूनच कायदा निघाला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यासकट सगळीकडे. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळेला हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत केली, तिला लोक सेटलमेंट म्हणतात. १९५२ साली कायदा रद्द झाला. पण विचार करा, रहस्यकथेची रीत काय? आधी गुन्हा, मग शोध, शेवटी गुन्हेगार. ह्या कायद्यात आधी गुन्हेगार, मग त्याचा पत्ता, आणि गुन्हा सवडीनं. ज्या देशात ऐंशी वर्षं तपास असा उलटा चालला त्या देशातल्या रहस्यकथाकाराला गड्यावर संशय घ्यायला कारण का लागत नाही, ते कळतं. कायदा गेला तरी भाषेतली हजेरी चालूच आहे. ‘भामटा’ हा शब्द आपण फसव्या माणसाला सहज लावतो. ते एका जमातीचं नाव आहे. ‘उचल्या’चंही तसंच. शब्दकोश काढला की अर्ध्या जमाती आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या दिसतात.

लक्ष्मण गायकवाडांनी तोच शब्द उचलून १९८७ साली आत्मकथनाच्या कव्हरावर ठेवला. ते स्वतः लातूरला सूतगिरणीत कामाला होते, आपल्यातलेच. ‘उचल्या’ला १९८८ चं साहित्य अकादमी मिळालं आणि समीक्षकांनी ते दलित-भटक्यांच्या दुःखाच्या कप्प्यात ठेवलं. मी म्हणतो, ते गुन्ह्याच्या साहित्याच्या कप्प्यातही ठेवा की! चोरी ही तिथं हाताची कसब आहे, आणि कसबाला जागा लागते: आठवड्याचा बाजार, जत्रा, एसटी स्टँडवरची चढायची गर्दी. पोराला लहानपणीच मार खायला शिकवतात, म्हणजे चौकीत तोंड उघडणार नाही. पोलिसाचा वाटा ठरलेला. दारा बुलंदच्या शंभर पाठलागांत नसलेली माहिती इथं आहे, कारण सांगणारा कुंपणाच्या आतून सांगतो.

अण्णा भाऊंनी हे फार आधी केलं. वाटेगावचा माणूस, दीड दिवसाची शाळा, मुंबईत गिरणीत काम, घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडीत लेखन. ‘फकिरा’ १९५९ साली आली. फकिराही लुटतो. दुष्काळात माणसं मरायला लागल्यावर सरकारी खजिन्यावर जातो. काळापहाडही लुटतो, फकिराही. मग फरक कुठं? फकिराला मुखवटा नाही. गावाला, कुलकर्ण्याला, सरकारला, सगळ्यांना माहीत आहे हा कोण, कुणाचा, कुठल्या घरचा. जोगिणीपायी त्याच्या बापाचं मुंडकं गेलं हेही गावाला माहीत. आणि हजेरी आहे. माणूस रोज दिसला पाहिजे. म्हणून फकिराला लपायला शहराची गर्दी चालत नाही, डोंगर लागतो. त्याचं शौर्य कसं असेल, तो कुठं पळेल, कुणावर विश्वास टाकेल, शेवटी हजर का होईल, हे सगळं वारणेच्या खोऱ्यानं ठरवलंय. त्याची माणसं सरकारनं कोंडली म्हणून तो हजर होतो. काळापहाडच्या नात्यागोत्याला कुणी कोंडत नाही. कोंडणार कसं, तो कोण हेच ठाऊक नाही! ह्या दोन माणसांतलं अंतर कुठल्याही समीक्षकानं मोजलेलं माझ्या वाचनात आलं नाही, कारण एक पुस्तक कपाटात अन् एक रद्दीत.

पण माझ्या मते मराठीतली सगळ्यात मोठी गुन्ह्याची कथा ‘स्मशानातील सोनं’ ही आहे. तिला कुणी गुन्ह्याची कथा म्हणत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भीमा वारणेकडचा, पैलवान गडी. मुंबईत कामाला येतो. शहर काम देत नाही. उपनगरात जंगलाच्या कडेला खाण आहे, तिथं दगड फोडायचं काम मिळतं. अंगात ताकद आहे, समोर दगड आहे, माणूस सुखात आहे. सहा महिन्यांनी खाण बंद. आता बघा, लेखकानं जागा कशी रचलीय. एका बाजूला बंद खाण, एका बाजूला जंगल, जवळ स्मशान. भीमाला राखेत सोनं सापडतं आणि त्याच्या डोक्यात नवा धंदा सुरू होतो. आधी राख चाळतो. मग मढी उकरायला लागतो. जे हात पहारीनं दगड फोडत होते तेच हात तीच पहार घेऊन मातीत जातात. कसब तेच, जागा दोनशे पावलं सरकली, आणि मजूर गुन्हेगार झाला. रात्री एका मढ्यावर कोल्ह्यांशी झुंज होते. मढ्याच्या जबड्यातलं सोनं काढताना बोटं अडकतात. शेवटी बोटं कापावी लागतात, आणि त्याच दिवशी कळतं की खाण पुन्हा सुरू झाली.

इथं रहस्य काहीच नाही. कुणी केलं ते पहिल्यापासून माहीत. तरी मी ही कथा वाचताना जेवढा श्वास धरला तेवढा कुठल्याही बंद खोलीतल्या खुनाला धरला नाही. कारण प्रश्न बदललाय. हा माणूस गुन्हेगार कुठल्या तारखेला झाला, हा प्रश्न आहे, आणि उत्तर आहे: खाणीला टाळं लागलं त्या तारखेला. हे उत्तर कुठल्याही फौजदाराच्या डायरीत येत नाही. पॉकेटबुकातल्या गुंडाला गालावर व्रण असतो, पण तो आधी कुठं कामाला होता हे कुणी विचारत नाही. साचाखात्यात की रिंगखात्यात? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. त्यानंतर लालबाग-परळच्या पोरांचं काय झालं ते जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात (१९९७) चाळीतल्या एका खोलीत दाखवलं. तिथला नरू टोळीत जातो. पण त्याच घरात एक भाऊ लिहिणारा आहे, एक क्रिकेटमध्ये रमणारा, एक बहीण आहे, एक आई आहे. एकाच खोलीतून चार वाटा. ज्यांना वाटतं वस्ती माणसाला गुंड बनवते, त्यांनी ही खोली बघावी. वस्ती एकच, बंद झालेला भोंगा एकच, माणसं वेगवेगळी.

आता मुखवट्याकडे परत येतो, कारण त्याचा आणखी एक प्रकार आपल्याच साहित्यात आहे. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३). शीर्षकातच चोरी आहे. नायक उधन्याला रेल्वेत लागतो, परक्या मुलखात, जिथं त्याला कुणी ओळखत नाही. खोली मिळवण्यासाठी जात लपवतो. म्हणजे पहिल्यांदाच त्याला मुखवटा मिळाला, आणि तो मुखवटा म्हणजे गुन्हा! पुढची सगळी कथा रहस्यकथेच्या चालीनं जाते: संशय, पाळत, उलगडा. फक्त हेर म्हणजे सगळं गाव, आणि उलगडा म्हणजे मार. रहस्य फुटल्यावर वाचकाला समाधान वाटायला पाहिजे असा ह्या कलेचा नियम. इथं रहस्य फुटू नये म्हणून वाचक तळमळतो. प्रदेश बदलल्यानं पात्र कसं बदलतं ह्याचा ह्याहून कडक नमुना मला दाखवा. घरच्या मुलखात ह्या माणसाला चोरायला जातच नव्हती, ती सगळ्यांना पाठ होती.

बाहेर हे जमलंय. १९७२ साली दलित पँथरनं नाव उचललं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, पण तिथल्या काळ्या लेखकांच्या रहस्यकथा आपण उचलल्या नाहीत. चेस्टर हाइम्स (१९०९ ते १९८४) हा माणूस स्वतः दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात होता, तिथंच लिहायला लागला. नंतर त्यानं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीवर कादंबऱ्या लिहिल्या, पहिली १९५७ ची. त्याचे दोन फौजदार काळे, ग्रेव्ह डिगर जोन्स आणि कॉफिन एड. वस्ती त्यांना ओळखते, वरचा साहेब गोरा, आणि दोघांच्या मध्ये हे उभे. आणि वॉल्टर मोझलीचा ईझी रॉलिन्स (१९९०). डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला, पण वाचला. १९४८ सालचं लॉस एंजेलिस. विमानाच्या कारखान्यातून ईझीची नोकरी जाते, घराचा हप्ता थकलाय. एक गोरा माणूस त्याला एका बाईचा शोध घ्यायचं काम देतो. का देतो? ती काळ्यांच्या दारूअड्ड्यांवर जाते आणि गोऱ्याला तिथं शिरता येत नाही. जिथं जायची परवानगी फक्त आपल्याला आहे अशी एक जागा, तेवढ्या भांडवलावर एक बेकार कामगार डिटेक्टिव्ह होतो. पोलीस त्याला मधूनच उचलून ठोकतात, तरी तपास तोच करतो. हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. च्यायला, हा तर आमच्या मिलमधला कुणीही असू शकतो!

मग आमचं कोलशेत घ्या. ठाण्याच्या उत्तरेला, उल्हासच्या खाडीवर. कोळी-आगऱ्यांचं गाव, पलीकडे काल्हेर-कशेळी, भिवंडीचे लूम. मध्ये केमिकलच्या कंपन्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच गेल्या, आता टॉवर. नेहमीच्या रहस्यकथेला इथं काय दिसेल? मढं टाकायला बरी अशी काळोखी खाडी. खाडी नुसती टाकायची जागा! पण इथला माणूस हेर असेल तर खाडी साक्षीदार होते.

कशी, ते सांगतो. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास समुद्रात पूर्ण भरती, आणि खाडीत आत ती त्याहून उशिरा पोचते. रात्री नऊला कोलशेतच्या काठावरून काही टाकलं तर ओहोटी लागलेली असणार, ते गायमुख, घोडबंदरकडे, वसईच्या तोंडाकडे जाईल. आता समजा, टॉवरमधला एक साहेब जबाब देतो की माझा भागीदार अष्टमीच्या रात्री नऊ वाजता इथं पाय घसरून पडला. आणि मढं सापडतं वरच्या अंगाला, कशेळीच्या पुलापाशी. साहेबाचं घड्याळ खोटं बोलतंय. शिवाय अष्टमीला भांग असते, पाण्याला उधाणासारखा जोर नसतो, तेव्हा किती लांब जाईल हाही अंदाज आहे. हे पटवर्धनला माहीत असायचं कारण नाही. डोलीच्या जाळ्यावर जन्म काढलेल्या म्हातारीला ते पंचांगाशिवाय माहीत आहे. रेती काढायला डुबी मारणारा माणूस, जो बांबू धरून बादली घेऊन तळाशी जात होता, त्याला तळ हाताला पाठ आहे. कुठं चिखल, कुठं खडक, कुठं सक्शन पंपानं खड्डा पाडलाय. होम्सला राख ओळखता येते, ह्याला गाळ ओळखता येतो.

आणि ह्याच माणसाला गेटातून आत जाता येत नाही. इथं आपली कादंबरी उभी राहते. तिचा हेर दिवाणखान्यात पाय पसरून सगळ्यांना गोळा करून उलगडा सांगू शकत नाही. दिवाणखाना अठराव्या मजल्यावर आहे. खाली वहीत नाव, फ्लॅट नंबर, कशासाठी आलात, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. मागच्या पावसाळ्यात पहाटे रात्रपाळीहून येताना एका टॉवरच्या बाहेर मला नुसतं रस्त्यावर थांबवून पिशवी उघडायला लावली. आत डबा आणि एक पुस्तक, कव्हरवर पिस्तूल. वॉचमननं पिस्तुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोही बाबा बारा तास उभा असणारा, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या वह्यांचं मला तेव्हापासून वेड लागलंय. धुणंभांड्याच्या बायका, दूधवाला, लिफ्ट दुरुस्तीवाला, ह्यांची हजेरी मिनिटागणिक लिहिलेली. मालकांची कुठंच नाही. मालकाची गाडी आली की दांडा आपोआप वर. खून झाला तर वहीत फक्त गरिबांची नावं सापडतील. लेखकाला आयताच धागा: आपल्या हेरानं ती वही उलटी वाचायची. ज्याचं नाव वहीत नाही, त्याच्याकडे जायचं. कसं जायचं? धुणंभांड्याच्या बाईकडून. तिला अठराव्या मजल्यावरच्या मोरीत कुठल्या दिवशी कुणाचे चिखलाचे कपडे होते ते माहीत असतं, आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोललं तर ती सांगेल. जबाबासाठी खुर्चीत बसवलं तर ‘साहेब, मी गरीब’ म्हणेल, जसं सगळ्या पुस्तकांत म्हणत आलीय.

आमच्यातले काही कवीमित्र म्हणतील, रहस्यकथा हा करमणुकीचा माल, आपण विद्रोह लिहायचा. मला हे पटत नाही. कविता आपली शंभर लोक वाचतात, त्यातले ऐंशी कवी. मिलमध्ये माझ्या शेजारी काम करणारा माणूस कविता वाचत नाही, पण खुनाची बातमी वाचून कुणी केला असेल ह्यावर पाळीभर वाद घालतो. त्याचे अंदाज पोलिसांपेक्षा चांगले असतात. तो पैशाचा, जागेच्या वादाचा, रेतीच्या ठेक्याचा विचार करतो. ह्या माणसाच्या हातात अजून काळापहाडच द्यायचा?

एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. आपला हेर लिहिताना त्याला फार गुणी करायचा मोह होईल. गुणी नको. रॉलिन्स गुणी नाही, भीमा तर नाहीच. त्याला दारू असू दे, देणं असू दे, कोळीवाड्यातल्यांशी जुनं भांडण असू दे, कारण आपणही एकमेकांना वस्तीबाहेरच ठेवतो, कुठल्या घाटावर कुणी बसायचं हे आपल्यातही ठरलेलं आहे. आणि पहिला संशय त्याच्यावरच येऊ दे, दीड पानाचा जबाब त्याचाच असू दे. फक्त तो जबाब दिल्यावर लेखकानं त्याच्या मागोमाग चौकीबाहेर पडावं. मढं खाडीतून काढायला पोलिसांना पोहणारा माणूस लागतोच, आणि पंचनाम्यावर सही करायला पंच लागतो. पहिल्या प्रकरणात दोन्हीसाठी त्यालाच बोलावून आणलेला असावा, लुंगीवर, ओल्या अंगानं, अष्टमीची ओहोटी लागलेली असताना.